प्रतिक्रियेला उत्तर : संगीत वाजतं, पण बंदूक मुकी

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया तिखट आहे, पण सगळं स्वतः करून पाहून मग लिहिली आहे, म्हणून सविस्तर उत्तर देतो. तुमच्या दोन तक्रारी आहेत. माझ्या लेखात सांगितलं तसं केलं तरी डॉसबॉक्समध्ये (विंडोजच्या आधीच्या डॉस प्रणालीवरचे जुने गेम आजच्या संगणकावर चालवणारा प्रोग्राम) 'डूम' या गोळीबाराच्या गेमचं संगीत वाजतं आणि बंदूक मुकीच राहते. आणि डॉसबॉक्स ही मुळात नक्कल, तेव्हा तो खरा आवाजच नव्हे.

पहिली तक्रार अगदी रास्त. चूक माझी. गेमच्या सेटअपमध्ये आयआरक्यू (ज्या ओळीवरून कार्ड प्रोसेसरला हाक मारतं तिचा क्रमांक) ५ निवडा असं मी लिहिलं होतं. माझ्या जुन्या साउंड ब्लास्टर १६ या आवाजाच्या कार्डाचा आयआरक्यू ५ होता, तोच आकडा सवयीनं उतरला. डॉसबॉक्समधलं कार्ड मात्र मुळात ७ वर असतं : पोर्ट (गेम कार्डाशी बोलतो तो पत्ता) २२०, आयआरक्यू ७, डीएमए (मेमरीतून थेट कार्डाकडे जाणारी वाट) १. सेटअप उघडून आवाजाच्या कार्डापुढे ७ करा आणि सेव्ह करा. गेम सुरू होताना ओळी भराभर सरकतात, त्यात कार्ड उत्तर देत नाही अशा अर्थाची एक ओळ असणार. ती गेली की समजा काम झालं. मूळ लेखही दुरुस्त केला आहे.

मग संगीत कसं वाजत होतं? संगीताचे सूर गेम थेट कार्डावरच्या एफएम चिपच्या (सूर तयार करणाऱ्या चिपच्या) पोर्टवर लिहितो, त्याला कुणाच्या हाकेची वाट पाहावी लागत नाही. गोळीचा आवाज म्हणजे रेकॉर्ड केलेला नमुना. तो डीएमएमार्फत तुकड्यातुकड्यानं कार्डाकडे जातो आणि एक तुकडा संपला की कार्ड आयआरक्यूवरून 'झालं' असं कळवतं. तुमचा गेम पाचव्या दाराशी कान लावून बसला होता आणि हाक येत होती सातव्या दारातून.

नक्कलीबद्दल मात्र माझं मत वेगळं आहे. 'डूम' १९९३ चा. तेव्हाचे डॉस गेम कार्डाशी थेट बोलत, मध्ये विंडोजचा ड्रायव्हर नसे. आजच्या घरगुती मदरबोर्डवर अशी जुनी कार्डं बसवायचा आयएसए स्लॉटच नाही, २२० वर ऐकायला कुणी नाही. तिथे कुणाला तरी बसवावंच लागतं. शिवाय 'खरं कार्ड' तरी कोणतं? साउंड ब्लास्टर १६ च्या नंतरच्या काही मॉडेलांत यामाहाची एफएम चिप काढून क्रिएटिव्ह या कार्ड बनवणाऱ्या कंपनीनं तिच्या जागी स्वतःचं सीक्यूएम घातलं, आणि तेच संगीत त्यावर पत्र्यासारखं वाजतं. डॉसबॉक्स यामाहाच्या चिपचं गणित करतो, म्हणून तो मला त्या अस्सल कार्डांपेक्षा मूळ आवाजाच्या जवळचा वाटतो. जुन्या कार्डाची ती बारीक खरखर त्यात नाही, हे मान्य.

तरीही खऱ्या डॉसमध्येच खेळायचं असेल, तर पेनड्राइव्हवरून डॉस सुरू करून एसबीईएमयू हा प्रोग्राम वापरून पाहा. मदरबोर्डवरच्या एचडी ऑडिओलाच (आजच्या संगणकातल्या आवाजाच्या यंत्रणेला) तो साउंड ब्लास्टर म्हणून गेमपुढे उभा करतो. त्यासाठी बायॉसमध्ये (संगणक सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) लेगसी बूट, म्हणजे जुन्या पद्धतीनं सुरू होण्याची सोय, असायला हवं, अगदी नव्या मशीनवर ते नसतं.

७ करून पाहिलंत की गोळी वाजली का, तेवढं नक्की कळवा. नसेल वाजली, तर सुरुवातीच्या त्या ओळी जशाच्या तशा इथे लिहा.