प्यून, अंडरलिंग आणि तुमचे दोन आक्षेप

नमस्कार. हाताखालच्या माणसासाठीच्या इंग्रजी शब्दांवर मी लिहिलेल्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. ‘सबॉर्डिनेट, अंडरलिंग, मिनियन म्हणजे शेवटी हाताखालचा माणूसच, उगाच शब्दांचा कीस पाडता’ हा पहिला आक्षेप. ‘आमच्याकडे प्यून हे पद आहे, त्याला अपमानाच्या यादीत का बसवलंत?’ हा दुसरा. दुसरा मला मान्य आहे, म्हणून आधी त्याचंच बोलते.

प्यून आपल्याकडे पोर्तुगीजांकडून आला. मूळ अर्थ पायदळातला सैनिक. बुद्धिबळातलं इंग्रजी ‘पॉन’ त्याच मुळाचं. आपलं ‘प्यादं’ फारसीतून आलं, पण तेही पायी चालणारंच. आणि ‘शिपाई’सुद्धा सैन्यातूनच साहेबाच्या दाराबाहेरच्या स्टुलावर येऊन बसला. अमेरिकेत मात्र हा शब्द स्पॅनिशमधून गेला आणि कर्जापायी मालकाकडे राबणाऱ्या वेठबिगाराला चिकटला. 1867 साली तिथल्या काँग्रेसने ती पद्धत कायद्याने बंद केली, पण शब्दाचा डाग गेला नाही. तिथे कुणाला ‘पीऑन’ म्हणणं म्हणजे त्याला तुच्छ लेखणं. इथे ते पद आहे, हे मी लिहायलाच हवं होतं. तो परिच्छेद आजच बदलते.

पहिला आक्षेप मात्र पटत नाही. सबॉर्डिनेट खुर्ची सांगतो: कोण कुणाच्या हुकमाखाली. आपल्या राज्यघटनेत ‘सबॉर्डिनेट कोर्ट्स’ नावाचं प्रकरणच आहे. तरीही ट्रायल कोर्टाला ‘लोअर कोर्ट’ म्हणू नका, असं सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2024 मध्ये आपल्याच रजिस्ट्रीला, म्हणजे कार्यालयाला, बजावलं. अंडरलिंग हा शब्द खुर्ची सांगतच नाही, बोलणाऱ्याची नजर सांगतो. मिनियन तर मुळात फ्रेंचमधला ‘लाडका’. राजाच्या मर्जीतला, म्हणून पुढे हुजऱ्या. ‘कनिष्ठ लिपिक’ लिहायचं तिथे तुम्ही ‘हुजऱ्या’ लिहाल का?

माझ्या ओळखीच्या एका ऑफिसात साहेबांनी मार्चएंडनंतर कौतुकाचं इंग्रजी पत्र काढलं, अगदी मनापासून. त्यात ‘माय अंडरलिंग्ज’ असं होतं. आठवडाभर रात्री नऊपर्यंत थांबून हिशेब जुळवणाऱ्या बाईंनी तो शब्द मोबाइलवर शोधला आणि मला फोन केला, “ताई, साहेब माझ्यावर चिडलेत का हो?”

साहेब चिडले नव्हते. समानार्थी शब्दांच्या यादीत ‘सबॉर्डिनेट’च्या शेजारी तो दिसला, म्हणून त्यांनी घेतला होता.