तुरटीच्या पाण्याने कोरडेपणा वाढतो

नाशिकला पंचवटीत राहणारी माझी मावशी मागच्या महिन्यात रिक्षात बसताना कळवळली. खोदून विचारलं तेव्हा कुठे बोलली: खाली आग होते, लघवी करताना चरचरतं, नीट बसवत नाही. वय ५८, पाळी जाऊन दहा वर्षं झाली. मग मोबाइल पुढे केला. भजनी मंडळाच्या ग्रुपवर आलेला मेसेज. त्यावर विश्वास ठेवून ती तीन आठवडे रोज रात्री तुरटी आणि कडुनिंबाच्या पाण्याने आतून धूत होती.

सिडकोत माझं मेडिकल आहे. हाच मेसेज काउंटरवर दाखवून बायका दबक्या आवाजात विचारतात, म्हणून एकदा लिहूनच टाकते. मेसेजचं म्हणणं असं: पाळी गेल्यावर उष्णता वाढते आणि आत घाण साचते, म्हणून कोरडेपणा आणि खाज येते. तुरटी-कडुनिंबाने आतून धुवा, साबण लावू नका, खोबरेल लावा. डॉक्टर देतात त्या हार्मोनच्या क्रीमने कॅन्सर होतो. दोन वर्षं सोसलं की आपोआप जातं.

आत घाण साचत नाही. पाळी थांबते तेव्हा बीजकोषांतून येणारं इस्ट्रोजेन हे हार्मोन कमी होतं. त्याच्या जिवावर योनीचं अस्तर जाड आणि ओलसर राहतं, आणि तिथले चांगले जंतू जागा आम्लधर्मी ठेवतात. इस्ट्रोजेन गेलं की अस्तर पातळ पडतं, ओल आटते, खाज येते. लघवीची जागाही त्याच इस्ट्रोजेनवर पोसलेली, म्हणून घाई लागणं आणि वारंवार इन्फेक्शन. पिशवीबरोबर बीजकोषही काढले असतील तर हे चाळिशीतही एकदम सुरू होतं. अंगावर पाजणाऱ्या तरुण आईलाही होतं. तिच्यात कसली घाण साचली?

आता तुरटी. गोदेला पूर आला, नळाला गढूळ पाणी आलं, की आपण हंड्यात तुरटी फिरवतो. गाळ गोळा होऊन खाली बसतो. दाढी करताना कापलं तर न्हावी तुरटी लावतो, कातडी आकसते, रक्त थांबतं. आकसवणं हाच तिचा गुण. आधीच कागदासारख्या पातळ झालेल्या, कोरड्या अस्तरावर ती रोज लावली तर ते आणखी आकसणार, चिरणार. मावशीचं तेच झालं. तपासणाऱ्या डॉक्टरबाईंना आत लहान लहान चिरा दिसल्या. आणि आग वाढली की मेसेजमध्ये पुढचं वाक्य तयार होतं, "जळजळ म्हणजे घाण निघतेय, थांबू नका." हे वाक्य ज्याने लिहिलं त्याचा मला फार राग आहे. बाई दुखतंय म्हणून थांबली असती. त्याने तिला थांबू दिलं नाही. योनीला आतून धुवायची गरजच नसते. बाहेरून साधं पाणी पुरतं.

साबण लावू नका, हे बरोबर आहे. डेटॉल आणि सुगंधी वॉशही नको. खोबरेलाचंही निम्मं मान्य करते. बाहेरच्या त्वचेला ते मऊपणा देतं, पण कंडोम वापरत असाल तर तेलाने तो फाटू शकतो. संबंधाच्या वेळी पाण्यावर आधारित जेल बरं, आणि रोजच्यासाठी योनीचं मॉइश्चरायझर मिळतं.

कॅन्सरचं भय २००२ सालचं आहे. अमेरिकेतल्या 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह' या मोठ्या अभ्यासात पोटातून घ्यायच्या दोन हार्मोनच्या एकत्र गोळ्यांनी स्तनाच्या कॅन्सरचा धोका वाढलेला दिसला. ती बातमी जगभर पोहोचली. त्याच प्रकल्पातल्या ४५ हजारांहून जास्त बायकांची माहिती २०१८ मध्ये छापून आली, ती कुणी फॉरवर्ड केली नाही. योनीत इस्ट्रोजेन वापरणाऱ्यांमध्ये स्तनाचा किंवा गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर न वापरणाऱ्यांपेक्षा जास्त आढळला नाही. क्रीमचा डोस अगदी कमी, रक्तात फार थोडं उतरतं. सुरुवातीला दोन-तीन आठवडे रोज, मग आठवड्यातून दोनदा, असा साधारण क्रम. ते चिठ्ठीशिवाय मागू नका, मी देणार नाही. स्तनाचा कॅन्सर होऊन गेला असेल तर आधी त्या डॉक्टरांना विचारायचं.

आणि सोसून जात नाही. अंगातून वाफा येणं बहुतेकींचं वर्षांनी ओसरतं. कोरडेपणा उपचार न केल्यास टिकतो, बऱ्याचदा वाढतो.

मेसेजमध्ये नसलेल्या दोन गोष्टी. पाळी गेल्यावर एक थेंब जरी रक्त दिसलं तरी लगेच दाखवा. बाहेरच्या त्वचेवर पांढरे चट्टे आणि रात्रीची खाज असेल, तर तो वेगळा आजार असू शकतो, त्याचं औषधही वेगळं. त्र्यंबक नाक्याजवळच्या जिल्हा रुग्णालयात स्त्रीरोगाची ओपीडी आहे. तिथे किंवा कुठेही जाल तेव्हा "खाली त्रास होतो" एवढ्यावर थांबू नका. मावशीने आधी दोनदा तेवढंच सांगितलं होतं आणि दोन्ही वेळा न तपासता बुरशीच्या गोळ्या लिहून मिळाल्या. कोरडं पडतं, आग होते, संबंधाच्या वेळी दुखतं, पाळी अमुक साली गेली, असं सरळ सांगा आणि "तपासून बघा" म्हणा.