आबांच्या नावावर काहीही खपवू नका

'आबांनी २००५ मध्ये डान्सबार कायमचे बंद केले, कोर्टानेही शिक्कामोर्तब केलं, तिथल्या सगळ्या मुलींचं पुनर्वसन झालं.' महाराष्ट्राचे माजी गृहमंत्री आर. आर. पाटील, म्हणजेच आबा, यांची पुण्यतिथी जवळ आली की तासगाव-सांगलीकडच्या ग्रुपांवर हा मेसेज फिरायला लागतो. यंदा माझ्या भाचीने तो जसाच्या तसा शाळेच्या भाषणात उतरवला, म्हणून लिहितोय.

कसलं शिक्कामोर्तब? मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल २००६ मध्येच ती बंदी रद्द केली. सरकार सुप्रीम कोर्टात गेलं, १६ जुलै २०१३ ला तिथेही हरलं. घोळ कायद्यातच होता. साध्या बारमध्ये नाचाला बंदी, पण थ्री-स्टार आणि त्यावरच्या हॉटेलांना सूट! गरिबाने पाहिला तर तोच नाच अश्लील आणि पैसेवाल्याने पाहिला तर चालतो, हे राज्यघटनेच्या कलम १४ पुढे टिकणार कसं? २०१४ मध्ये आबा गृहमंत्री असताना ही सूट काढून टाकणारी दुरुस्ती झाली. पुढच्याच वर्षी सुप्रीम कोर्टाने तिलाही स्थगिती दिली.

सगळ्यात संताप येतो तो पुनर्वसनाच्या थापेचा. २०१३ चा तोच निकाल उघडून वाचा. ७५ हजारांहून जास्त बायकांचा रोजगार गेला आणि घर चालवण्यासाठी त्यातल्या अनेकींना वेश्याव्यवसायात जावं लागलं, असं त्यात नोंदवलंय. रोगापेक्षा उपाय वाईट ठरला, असंही न्यायालय म्हणतं. या बायकांचं भलं झालं असं शाळेतल्या पोरीच्या तोंडून वदवायचं?

गावाकडची पोरं उसाचे, जमिनीचे पैसे बारमध्ये उधळत होती, हे खरं. आबांची तळमळही खरी होती, तेवढं मान्य. पण म्हणून निकाल बदलत नाही.

मेसेजमधलं '२६/११ नंतरही आबांची खुर्ची हलली नाही' हेही खोटं. १ डिसेंबर २००८ ला त्यांनी राजीनामा दिला. गृहखातं परत मिळालं ते २००९ च्या निवडणुकीनंतर. १९९० ते २०१४ सलग सहा वेळा आमदार, हे मात्र बरोबर आहे.

भाषणात घालायला खरं काय कमी आहे? अंजनीसारख्या खेड्यातून आलेला हा माणूस ग्रामविकास मंत्री असताना संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं. बक्षिसाच्या ईर्ष्येने का होईना, गावंच्या गावं झाडू घेऊन रस्त्यावर उतरली, हागणदारीवर ग्रामसभेत उघडपणे बोलायला लागली. पुढे २००७ मध्ये तंटामुक्त गाव मोहीम आली. भाचीचं भाषण आता यावरच लिहून घेतोय. मेसेज पुढे ढकलणाऱ्यांनी निदान त्याच ग्रुपवर दुरुस्ती टाकावी.