चौंडकं आणि गिटार

बेळगावच्या कला महोत्सवात स्वतःची गाणी करणाऱ्या स्थानिक पोरांना श्रोते मिळत नाहीत, असं तुमच्या लेखात म्हटलंय. अर्धंच पटलं. श्रोते आहेत ओ, पण या पोरांना वेळ मिळते दुपारी चारची. रणरणत्या उन्हात कोण येणार?

गेल्या खेपेला मी गेलो ते मुलीच्या हट्टापायी. तिघांचा बँड, एकाच्या हातात गिटार, दुसऱ्याच्या काखेत चौंडकं. सौंदत्तीच्या यल्लम्माला जाताना जोगत्यांकडे दिसतं तेच, चामड्यातून ओवलेल्या एका तारेचं वाद्य. तार छेडायची आणि दुसऱ्या हाताने ताण कमीजास्त करायचा, की आवाज असा वरखाली घसरतो की गिटारवाल्यालाही हसू आवरेना. कडवं आमच्या बेळगावी मराठीत, 'काय गा, येतोस काय' म्हणणारं, आणि ध्रुवपद कन्नडमध्ये, 'मळे बंतु, मळे बंतु'. पाऊस आला! शेजारचे शहापूरचे काका आधी तोंड वाकडं करून बसले होते, ध्रुवपद तिसऱ्यांदा आलं तेव्हा तेच टाळ्यांनी ठेका धरायला लागले. भाषेवरून भांडणारे तेवढ्यापुरते गप्प.

मध्येच माइक बंद पडला. पोरं तशीच खाली उतरून आमच्यात येऊन गायली. खरं तर तेच जास्त रंगलं.

१९२४ साली सुळेभावीत जन्मलेल्या कुमार गंधर्वांच्या नावाचं रंगमंदिर बेळगावात आहे. तिथली एक संध्याकाळ या पोरांना द्या की. तिकीट ठेवा, शंभर रुपये मी आनंदाने देईन. आमच्या घरची चार तिकिटं आत्ताच धरा.