साहेबांची माघार हाच डावपेच

एखाद्या नेत्याला मनापासून पाठिंबा द्यायचा तुमचा विचार पक्का झाला असेल, तर सरावासाठी अमेरिकेतला आरोग्य विमा घ्या. रस्ते, पूल, धरणं असले सोपे विषय नकोत. पूल बांधला की दिसतो, पडला की तोही दिसतो. समर्थकाला करण्यासारखं काही उरत नाही. विम्याचा कायदा कसा, झाला तरी दिसत नाही आणि मोडला तरी बिल हातात पडेपर्यंत कळत नाही. समर्थकाचा खरा कस इथे लागतो.

समजा, साल 2009 आहे. तुम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहता आणि बराक ओबामा हे तुमचे साहेब आहेत. साहेब आरोग्य विम्याचा नवा कायदा आणत आहेत, पुढे ज्याला लोक ओबामाकेअर म्हणणार आहेत तो. तुम्ही एच-वन-बीवर असाल तर तुम्हाला निवडणुकीची वर्गणीसुद्धा देता येत नाही, कायद्याने मनाई आहे. ग्रीन कार्ड असेल तर वर्गणी चालते, मतदान चालत नाही. यामुळे खचू नका. मताचा अधिकार नसलेल्या माणसाइतकं ठाम मत कुणाचंच नसतं, हे महाराष्ट्र मंडळाच्या कुठल्याही पॉटलकला पाहून घ्यावं.

सर्वांत आधी विसरायला शिका. 2008 साली उमेदवारीसाठी साहेबांशी लढणाऱ्या, त्यांच्याच पक्षाच्या हिलरी क्लिंटन म्हणत होत्या की विमा घेणं सगळ्यांना सक्तीचं करा. साहेब म्हणत होते, मुलांसाठी ठीक आहे, मोठ्यांवर सक्ती नको. तेव्हा शेजारच्या हिलरीवाल्या वहिनींना तुम्ही दोन तास ऐकवलं होतं की सक्ती म्हणजे गरिबाच्या खिशात हात. आता साहेबांनीच सक्ती स्वीकारली आहे. वहिनींकडे अवश्य जा, पण माफी मागायला नव्हे. त्यांनाच सक्तीचे फायदे समजावून सांगा. नंबर लागल्यावरच भिशीत शिरायचं असं प्रत्येकाने ठरवलं तर भिशी चालेल का, वहिनी? धडधाकट माणसांनी हप्ता भरला तरच आजाऱ्याला नाकारू नका असं कंपन्यांना सांगता येतं. वहिनी हे सगळं गेल्या वर्षी तुम्हाला सांगत होत्या, पोह्यांची बशी हातात देऊन. तो भाग गाळा.

पलीकडच्या, म्हणजे रिपब्लिकन पक्षाचे डॉक्टरकाका भेटतील. ते म्हणतील, सक्ती म्हणजे शुद्ध साम्यवाद. तुम्ही नम्रपणे सांगा की ही कल्पना 1989 साली हेरिटेज फाउंडेशन या त्यांच्याच वळणाच्या संस्थेने मांडली होती आणि 2006 साली मॅसॅच्युसेट्समध्ये त्यांच्याच पक्षाच्या मिट रॉम्नींनी ती अमलात आणली. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं हे आपण ऐकून आहोत. इथे मात्र त्यांचाच बाब्या आपण मांडीवर घेतला, म्हणून ते त्याला कार्टं म्हणायला लागले. काका गप्प होतील. मग ते हळूच विचारतील, म्हणजे तुमच्या साहेबांची मूळ कल्पना कोणती? या क्षणी पाणी प्यायला उठा.

ऑगस्ट फार कष्टाचा जाईल. खासदार आपापल्या गावी सभा घेतात आणि लोक त्यांच्यावर ओरडतात. जुलैतच दक्षिण कॅरोलिनातल्या एका सभेत एक गृहस्थ म्हणाले होते की सरकारने माझ्या मेडिकेअरला हात लावू नये. मेडिकेअर ही 1965 पासूनची, मुख्यतः ज्येष्ठांच्या विम्याची सरकारी योजना आहे. यावर हसा, पण फार वेळ हसू नका. तुमच्या मंडळातही दोघांना ते माहीत नसतं. ऑगस्टमध्ये सेरा पेलिन यांनी, म्हणजे 2008 च्या रिपब्लिकन उपाध्यक्षपदाच्या उमेदवारांनी, 'डेथ पॅनल'ची हूल उठवली, म्हणजे आजी जगावी की मरावी हे सरकारी समिती ठरवणार. मसुद्यात होतं एवढंच: अखेरच्या दिवसांत कोणते उपचार हवेत, कोणते नकोत, याबद्दल रुग्णाला डॉक्टरशी बोलायचं असेल तर त्या भेटीची फी मेडिकेअरने द्यावी. साहेबांच्या बाजूने ते कलम निमूटपणे काढून टाकलं. कलम गेलं आणि हूल राहिली. त्या वर्षी गणपती 23 ऑगस्टला बसले. आरतीनंतर काका म्हणतील, मोदक खाऊन घ्या, पुढच्या वर्षी किती खायचे ते सरकार ठरवेल. तुम्ही म्हणा, साहेबांनी कलम मागे घेऊन त्यांच्या हातातला मुद्दाच काढून घेतला. मुद्दा अजून त्यांच्याच हातात आहे हे प्रसादाच्या रांगेत कुणी तपासत नाही.

आता मुख्य विद्या, माघारीची. हिच्यावरच तुमची परीक्षा होणार आहे. 2003 साली साहेब म्हणाले होते की सगळ्या देशाचा एकच सरकारी विमा असावा. 2009 साली ते म्हणाले, पाटी कोरी असती तर तसं केलं असतं. तुम्ही म्हणा: वास्तववाद. मग सरकारी कंपनी निदान एक पर्याय म्हणून बाजारात असावी, असं ठरलं. औषध कंपन्यांशी बोलणी झाली. दहा वर्षांत 80 अब्ज डॉलर सोडायला त्या तयार झाल्या आणि किमतींची घासाघीस सरकारने करायची नाही हे आतल्या आत ठरलं. प्रचारात याच कंपन्यांच्या म्होरक्यावर साहेबांनी जाहिरात केली होती आणि सगळी चर्चा टीव्हीवर दाखवू असंही सांगितलं होतं. तुम्ही म्हणा: शत्रूला घरात बसवून ठेवलं. दार का लावून घेतलं, असं कुणी विचारलं तर म्हणा, थंडी होती. (जून होता. पण तोवर विषय बदललेला असतो.)

डिसेंबरात तो सरकारी पर्यायही गेला. सिनेटमध्ये शंभरातली 60 मतं हवी होती आणि साहेबांच्या बाजूने बसणारे सिनेटर जो लीबरमन यांनी साठावं मत मुठीत धरून ठेवलं. त्यावर तोड निघाली: 55 वर्षांवरच्यांना पैसे भरून मेडिकेअरमध्ये येऊ द्या. लीबरमन यांनी काही महिन्यांपूर्वीच ही कल्पना उचलून धरली होती. आता त्यांनी तीही नाकारली. साहेबांच्याच छावणीतले हॉवर्ड डीन, स्वतः डॉक्टर, म्हणाले की हा मसुदा मारून टाका. डीन यांना तातडीने गद्दार म्हणा. लीबरमन यांना म्हणू नका, त्यांचं मत अजून लागणार आहे. आणि मग ते वाक्य म्हणा, ज्याच्या जोरावर आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या मतदान होत आलं आहे: दगडापेक्षा वीट मऊ.

नाताळच्या आदल्या दिवशी सिनेटमध्ये 60 विरुद्ध 39. जानेवारीत टेड केनेडींच्या निधनाने रिकामी झालेली जागा मॅसॅच्युसेट्सने, हो, मॅसॅच्युसेट्सनेच, रिपब्लिकनांना दिली आणि साठावं मत गेलं. तरी सिनेटने आधीच मंजूर केलेला मसुदा तसाच उचलून 21 मार्च 2010 च्या रात्री प्रतिनिधीगृहात 219 विरुद्ध 212 ने घोडं गंगेत न्हालं. विरोधी पक्षाचं एकही मत नाही. त्यांना खूश करायला वर्षभर जे जे सोडलं त्याची बेरीज आज करू नका, आज पेढे वाटा. 23 तारखेला साहेबांनी सही केली. बराक ओबामा, इंग्रजीत अक्षरं अकरा, पेनं 22. एका अक्षराला दोन पेनं लागलेली ती सही पाहून तुमचा ऊर भरून आला पाहिजे. त्याच नोव्हेंबरात पक्षाच्या प्रतिनिधीगृहातल्या 63 जागा गेल्या. त्याला म्हणा: त्याग.

त्याग त्या 63 जणांचा होता, तुमचा नव्हे, हा बारकावा समर्थकाला अडवत नाही.

पुढे 1 ऑक्टोबर 2013 ला विमा विकणारं सरकारी संकेतस्थळ सुरू झालं आणि पहिल्या दिवशी देशभरातून सहा जणांची नोंदणी झाली. सहा. इथे तुमचं शिक्षण आड येतं. तुम्ही स्वतः सॉफ्टवेअरमध्ये; लोड टेस्ट न करता असं काही तुम्ही लाइव्ह केलं असतं, तर मॅनेजरने तुम्हाला त्या रात्री घरी जाऊ दिलं नसतं. तरी म्हणा, प्रतिसादच इतका प्रचंड होता. याच सुमारास लाखो लोकांना जुनी पॉलिसी रद्द झाल्याची पत्रं आली. साहेबांनी तर वर्षानुवर्षं सांगितलं होतं, तुमचा विमा तुम्हाला आवडत असेल तर तो तुमच्याकडेच राहील. साहेबांनी टीव्हीवर दिलगिरी व्यक्त केली. तुम्ही घाईने करू नका. त्या पॉलिसी मुळातच निकृष्ट होत्या, असं सांगत राहा. बऱ्याचशा खरोखर होत्याही, पण वाक्यात 'आवडत असेल तर' होतं, 'आम्हाला पसंत असेल तर' नव्हतं.

कायदा टिकला, आणि हीच तुमच्यासाठी सगळ्यात अवघड जागा. 2012 साली सुप्रीम कोर्टात तो 5 विरुद्ध 4 ने वाचला तो सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांच्यामुळे. 2005 साली त्यांच्या नेमणुकीविरुद्ध मत देणाऱ्यांत सिनेटर ओबामा होते. 28 जुलै 2017 ला, मध्यरात्र उलटून गेल्यावर, तो मोडायला निघालेला रिपब्लिकनांचा प्रस्ताव सिनेटमध्ये 49 विरुद्ध 51 ने पडला आणि कायदा वाचला. मेंदूच्या कर्करोगाचं निदान झाल्यावर दोनच आठवड्यांच्या आत सभागृहात येऊन, अंगठा खाली करून त्याला वाचवणारे होते रिपब्लिकन सिनेटर जॉन मॅकेन, 2008 साली अध्यक्षपदासाठी साहेबांविरुद्ध उभे राहिलेले. 2008 च्या संपूर्ण उन्हाळ्यात तुम्ही ज्यांना म्हातारा म्हणून हिणवत होता, तेच. त्या रात्री 'साहेबांचा कायदा वाचला' असा स्टेटस टाका. मॅकेन यांचं नाव घालायला जागा पुरली नाही तर राहू दे.

एवढं सगळं जमलं, की एक दिवस सांगलीहून आई-बाबा सहा महिन्यांसाठी येणार असं ठरेल. पाहुण्यांचा प्रवासी विमा काढायला तुम्ही एजंटला फोन लावाल. वय सांगा. सांगितलं. आधीपासूनचे काही आजार? बाबांना मधुमेह, बारा वर्षं. मग तो यात धरलेला नाही, एजंट म्हणेल, अगदी गोड आवाजात.

बाबांनी 2010 साली तुमच्या फोनवरून त्या 22 पेनांची गोष्ट ऐकलेली असते, त्यांना आठवेल. "अरे, जुन्या आजारावरून विमा नाकारायचा नाही, असं तुमच्या साहेबांनी केलं होतं ना?"

"केलंय ना बाबा. पण ते इथल्या विम्याला. पाहुण्यांच्या पॉलिसीला लागू नाही."

"मग?"

"गोळ्या सहा महिन्यांच्या आणा. प्रिस्क्रिप्शनसकट. आणि हातातल्या बॅगेत ठेवा, सामानात नको."