नळाला नाही, भिंतीला आहे

लातुरातल्या भिंतीला ओल यावी, हा मला आधी विनोदच वाटला. २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं आणलेलं पाणी प्यालेलं हे गाव. आमच्या नळाला आजही रोज पाणी नसतं; हॉलच्या भिंतीला मात्र बारमाही.

पहिले पोपडे आले तेव्हा आम्ही त्यावर आजोबांचा फोटो लावला. पोपडे खाली सरकले, तसे आजोबाही सरकले. वरच्या जागेवर कॅलेंडर आलं. शेवटी चप्पल काढायला वाकलेला पाहुणा आजोबांच्या पाया पडतोय असं दिसायला लागलं, तेव्हा घरात रंगाचा विषय निघाला. दसरा तोंडावर होता.

मिस्त्री आला. मला वाटलं, रंग कोणता ते विचारेल. त्यानं हातोडीच्या दांड्यानं भिंत ठोकायला सुरुवात केली. बद, बद, बद. "सर, समदं पोकळ हाय." संध्याकाळपर्यंत निम्मं प्लास्टर फरशीवर, विटा उघड्या आणि भिंतीपलीकडच्या बाथरूमचा गळका पाइप सापडलेला. त्या पाइपातून बोअरचं खारं पाणी झिरपायचं. पाणी उडून जायचं, क्षार तिथंच राहून फुलायचे आणि रंगाला बाहेर ढकलायचे. तो पांढरा लोणा आम्ही इतकी वर्षं फडक्यानं पुसत होतो.

खिडकीच्या कोपऱ्यातली तिरकी भेग हे वेगळंच प्रकरण. घर काळ्या मातीवर. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि घराला सोबत घेऊन जाते. मला वाटलं, भेगेत पुट्टी दाबली की झालं. मिस्त्रीनं आधी ती खरवडून चांगली रुंद केली, मग भरली. आमच्या भावकीतले वादही असेच मिटवतात, त्यामुळे पद्धत ओळखीची वाटली.

खरी लाज पुढे होती. पाइप बदलला, नवं प्लास्टर झालं आणि त्यावर सात दिवस पाणी मारायचा हुकूम निघाला. विकतच्या टँकरचं पाणी मी भिंतीला पाजत होतो. शेजारच्या काकू दारात उभ्या राहून म्हणाल्या, "ओल काढाय मिस्त्री लावला, अन् वरून पाणी मारलालाव?" माझ्याकडे उत्तर होतं, पण हातात बादलीही होती.

मग भिंत वाळेपर्यंत थांबायचं. मिस्त्री म्हणाला, तोवर सोयाबीन काढून येतो. दसरा गेला, भिंत वाळली, मिस्त्रीचा फोन लागेना.

उगवला तो थेट दिवाळीच्या आधी. पुट्टीचे दोन हात झाले आणि घासकागद सुरू झाला. ती धूळ कपाटात गेली, डाळीच्या डब्यात गेली, आईच्या देवघरात गेली; बाळकृष्ण महादेवासारखा भस्म फासून बसला. मी नाकाला रुमाल बांधून विचारलं, "प्रायमर उद्या ना?"

"उद्याच," मिस्त्री घासता घासता म्हणाला. "भिंत वाळली सर तुमची. माझं सोयाबीनच वाळंना. आडत्यानं मशीन लावलं, बारा टक्क्याच्या वर ओल दावली अन् भाव पाडला. तुम्ही तेवढं ठरलेलं द्या."