मोरोंना सीआयएने मारलं? दाव्यातला एकेक दुवा

इटलीचे माजी पंतप्रधान आल्दो मोरो यांच्या हत्येबद्दलचा एक दावा वर्षानुवर्षं फिरतो आहे. थोडक्यात तो असा: मोरो कम्युनिस्टांना सत्तेजवळ आणत होते, म्हणून अमेरिकेने त्यांचा काटा काढला. हत्येची जबाबदारी घेणारी रेड ब्रिगेड्स ही सशस्त्र अतिडावी संघटना हा नुसता मुखवटा. सूत्रं सीआयए, इटलीची गुप्तचर खाती आणि 'पी-टू' या छुप्या मेसॉनिक लॉजच्या हाती होती. पुरावा म्हणून अमेरिकेचे तत्कालीन परराष्ट्रमंत्री किसिंजर यांची धमकी, गोळीबारातला 'व्यावसायिक' नेमबाज, प्रेतात्म्याने सांगितलेला पत्ता आणि एका अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञाची कबुली, एवढं पुढे केलं जातं.

गंमत म्हणजे यातल्या बऱ्याच गोष्टींना काही ना काही आधार आहे. वाद आहे तो त्यांतून काढलेल्या निष्कर्षाशी.

आधी घटना. १६ मार्च १९७८ रोजी सकाळी नऊच्या सुमारास रोममधल्या व्हिया फानी रस्त्यावर मोरोंच्या गाड्या अडवून पाचही अंगरक्षकांना ठार करण्यात आलं आणि मोरोंना पळवलं गेलं. त्याच दिवशी कम्युनिस्टांच्या पाठिंब्यावर येणारं आंद्रेओत्तींचं सरकार संसदेत विश्वासमत घेणार होतं. पंचावन्न दिवसांनी, ९ मे रोजी, व्हिया कायतानीमध्ये उभ्या केलेल्या लाल रेनो-४ गाडीत मोरोंचा मृतदेह सापडला.

आता पहिला दुवा, म्हणजे धमकी. 'हे राजकारण थांबवा, नाहीतर महागात पडेल' असं एका अमेरिकन व्यक्तीने सुनावल्याचं मोरोंनी घरी सांगितलं होतं, अशी साक्ष त्यांच्या पत्नी एलेओनोरा यांनी दिली. ती खोटी मानायचं कारण नाही. किसिंजर आणि मोरो यांचं पटत नव्हतं, हेही खरंच. पण ही नाराजी १९७४ च्या आसपासची. मोरोंचं अपहरण झालं तेव्हा किसिंजर पदावरून उतरून वर्षाहून अधिक काळ लोटला होता. अध्यक्ष कार्टर होते आणि परराष्ट्रमंत्री सायरस व्हॅन्स. कार्टर सरकारलाही इटलीत कम्युनिस्ट सत्तेत नकोच होते आणि जानेवारी १९७८ मध्ये त्यांनी तसं उघड निवेदनच काढलं होतं. म्हणजे हेतू होता. पण हेतू मॉस्कोलाही होता! बेर्लिंग्वेर यांचा इटालियन कम्युनिस्ट पक्ष सोव्हिएत कह्यातून बाहेर पडत होता आणि ते क्रेमलिनला खुपत होतं. त्यामुळेच 'मोरोंना केजीबीने मारलं' असाही दावा आहे, आणि तो जवळपास याच सामग्रीतून उभा केला जातो. एकच सामग्री दोन्ही महासत्तांना गुन्हेगार ठरवत असेल, तर तिच्यावरून कोणावरच आरोप सिद्ध होत नाही.

दुसरा दुवा गोळीबाराचा. दावा असा की विद्यार्थी-कामगारांच्या टोळीला इतका सफाईदार हल्ला जमणं शक्य नाही. जागेवर सापडलेल्या ९१ पुंगळ्यांपैकी निम्म्याहून जास्त एकाच बंदुकीतल्या, म्हणजे तिथे कोणीतरी प्रशिक्षित मारेकरी होता. आधी त्या 'सफाई'बद्दल. हल्लेखोरांच्या एकाहून अधिक बंदुका ऐन वेळी अडकल्या. इतरांच्या बंदुका अडकल्यावर चालू राहिलेल्या बंदुकीतूनच जास्त गोळ्या सुटणार, याला जादूगार नेमबाज लागत नाही. मोरोंची गाडी चिलखती नव्हती आणि अंगरक्षकांपैकी एकालाच प्रत्युत्तरात गोळ्या झाडता आल्या. शिवाय कोलोनमध्ये सहाच महिन्यांपूर्वी जर्मन रेड आर्मी फॅक्शनने उद्योगपती श्लायर यांना अगदी याच पद्धतीने पळवलं होतं. तिथे चालक आणि तीन पोलीस मारले गेले. ब्रिगेड्सनीही १९७४ मध्ये सरकारी वकील सोस्सी यांचं अपहरण केलं होतं, १९७६ मध्ये जेनोव्हाचे मुख्य सरकारी वकील कोको यांना दोघा रक्षकांसह मारलं होतं. ही माणसं त्या सकाळी पहिल्यांदाच बंदूक हातात धरत नव्हती.

याच धाटणीची 'चौथ्या माणसा'ची गोष्ट तर मला या सगळ्यात सर्वात बोलकी वाटते. मोरोंना व्हिया मोन्ताल्चिनीतल्या ज्या फ्लॅटमध्ये डांबलं होतं तिथे ब्रिगेड्सचा म्होरक्या मोरेत्ती आणि त्याचे साथीदार गाल्लिनारी आणि ब्रागेत्ती यांच्याशिवाय आणखी एक जण होता आणि ब्रिगेड्सवाले त्याचं नाव सांगत नव्हते. तो गुप्तहेर असणार, म्हणूनच त्याला झाकताहेत, असं वर्षानुवर्षं लिहिलं गेलं. १९९३ मध्ये नाव बाहेर आलं, १९९६ मध्ये त्याने कबुली दिली. निघाला जेर्मानो माक्कारी: रोमच्या चेन्तोचेल्ले भागातल्या डाव्या चळवळीतला एक पोरगा. साथीदार त्याला झाकत होते ते तो साथीदार होता म्हणून. यावर दावेदारांनी काय केलं? पुढचा अज्ञात माणूस शोधायला घेतला.

आता ग्रादोली. इथे मात्र थांबावं लागेल, कारण इथे खरोखर चीड यावी असं घडलं. २ एप्रिल १९७८ रोजी बोलोन्याजवळच्या एका घरी काही प्राध्यापक मंडळींनी प्लँचेट केलं. त्यांत पुढे पंतप्रधान झालेले रोमानो प्रोदीही होते. मोरो कुठे आहेत या प्रश्नावर 'ग्रादोली' हे नाव आलं, असं त्यांनी सांगितलं. माहिती वर पोहोचली आणि पोलिसांनी ग्रादोली नावाच्या गावात धाड टाकली. रोममध्ये व्हिया ग्रादोली नावाचा रस्ता आहे आणि तिथल्या ९६ क्रमांकाच्या इमारतीत खुद्द मोरेत्तीचा अड्डा होता! एलेओनोरा मोरो यांनी अशा नावाचा रस्ता आहे का असं विचारल्यावर त्यांना 'नाही' असं उत्तर मिळालं, अशी त्यांची साक्ष आहे. त्याहून वाईट म्हणजे १८ मार्चलाच पोलीस त्या इमारतीत गेले होते. दार वाजवलं, कोणी उघडलं नाही, परत फिरले. अड्डा सापडला तो १८ एप्रिलला, पाण्याच्या गळतीमुळे.

आत्म्यावर विश्वास ठेवायची गरज नाही. बोलोन्यातल्या अतिडाव्या वर्तुळात कुणाच्या तरी कानावर ते नाव आलं असावं आणि सांगणाऱ्याला वाचवण्यासाठी प्लँचेटची कथा रचली गेली असावी, हा तर्क जास्त पटतो. पण समजा पोलिसांनी मुद्दाम डोळेझाक केली. तरी सिद्ध काय होतं? कोणालातरी मोरो सापडायला नको होते, एवढंच. ब्रिगेड्स त्या कोणाच्या तरी हुकमावर चालत होत्या, हे त्यातून निघत नाही. शिवाय निव्वळ नालायकीला भरपूर कारणं होती. गुप्तचर खात्यांची फेररचना करणारा कायदा ऑक्टोबर १९७७ चा. नवी खाती अजून नीट उभी राहिली नव्हती. ब्रिगेड्सचा संस्थापक कुर्चो याला १९७४ मध्ये पकडणारं जनरल दाल्ला किएझा यांचं खास पथक मधल्या काळात बरखास्त झालं होतं. मोरोंच्या मृत्यूनंतर, ऑगस्टमध्ये, दाल्ला किएझांना पुन्हा अधिकार दिले. १ ऑक्टोबरला त्यांनी मिलानमधला व्हिया मोन्ते नेव्होसोचा अड्डा उघडा पाडला.

पी-टूचा मुद्दा लवकर आटोपतो. १९८१ मध्ये सापडलेल्या, लॉजचा प्रमुख जेल्ली याच्या सदस्य-यादीत ९६२ नावं होती, त्यांत दोन्ही गुप्तचर खात्यांचे तेव्हाचे प्रमुखही. भयंकर आहे. पण ज्या यादीत मंत्री, सेनाधिकारी, बँकर, संपादक सगळेच होते, त्यातली माणसं मोरो प्रकरणासाठी नेमलेल्याच नव्हे, सरकारच्या कुठल्याही समितीत सापडलीच असती.

उरले स्टीव्ह पिचेनिक. गृहमंत्री कोस्सिगा यांना सल्ला द्यायला अमेरिकेने पाठवलेले हे मानसोपचारतज्ज्ञ. तीस वर्षांनी त्यांनी सांगितलं की इटलीच्या स्थैर्यासाठी मोरोंचा बळी द्यावा लागला, ते आपणच घडवलं. २०१४ मध्ये रोमच्या सरकारी वकिलांनी त्यांच्यावर कारवाईची शिफारसही केली. पण हे गृहस्थ मोरोंच्या हत्येच्या बरेच दिवस आधी रोम सोडून गेले होते आणि पुढे त्यांनी ओसामा बिन लादेन २००१ मध्येच मेला होता, असंही सांगितलं. स्वतःला इतिहासाच्या मध्यभागी ठेवण्याची त्यांची हौस लपत नाही. अपहरणकर्त्यांशी वाटाघाटी न करण्याचं धोरण ठरवायला अमेरिकन तज्ज्ञाची गरजही नव्हती. ख्रिश्चन डेमोक्रॅट आणि कम्युनिस्ट दोघांनीही ते उघडपणे घेतलं होतं. क्राक्सींचे समाजवादी आणि मोरोंचं कुटुंब त्याविरुद्ध ओरडत होतं. मोरोंना मरू दिलं, हा आरोप करायला पुरावे पुरेसे आहेत, माझ्या मते तो करायलाही हवा. 'मरू दिलं' आणि 'मारलं' यांच्यातली रेघ मात्र पुसता येत नाही, कारण ती पुसली की गोळ्या झाडणारे आयतेच सुटतात.

मग खरोखर अनुत्तरित काय आहे? १८ एप्रिललाच 'मोरोंचा मृतदेह दुकेसा तलावात आहे' असं खोटं निवेदन निघालं. ते रोमच्या गुन्हेगारी जगतातला बनावटगिरी करणारा टोनी किक्यारेल्ली याने तयार केलं होतं आणि १९८४ मध्ये तो मारला गेला. त्याला ते कोणी करायला सांगितलं, याचं पटणारं उत्तर मिळालेलं नाही. दुसरं, मोरोंनी कैदेत लिहिलेली पानं. १९७८ मध्ये मिलानच्या अड्ड्यात टंकलिखित प्रत मिळाली. १९९० मध्ये त्याच घरातल्या भिंतीच्या पडद्याआड हस्तलिखिताच्या छायाप्रती सापडल्या, त्यात नाटोच्या गुप्त 'ग्लादिओ' यंत्रणेकडे बोट दाखवणारा मजकूर होता. मूळ कागद आणि चौकशीच्या ध्वनिफिती आपण नष्ट केल्या, असं ब्रिगेड्सवाले सांगतात. 'जनतेपासून काहीही लपवणार नाही' म्हणणाऱ्यांनी हातात आलेला हा मजकूर छापला का नाही? माझा अंदाज, त्यांना बहुराष्ट्रीय भांडवलाच्या कटाची कबुली हवी होती आणि हाती काय लागलंय तेच त्यांना कळलं नाही. अंदाज चुकीचा असेलही. पण या प्रश्नाचं उत्तर द्यायचं आहे ते मोन्ताल्चिनीच्या त्या फ्लॅटमध्ये असलेल्यांनी.